मदत हवी: खाकी कोटाच्या बाहीवरचा 'एल' बिल्ला कोणाचा?

बर्डीकर: कामठीच्या जुन्या सामानातला सुती खाकी कोट आहे. डाव्या बाहीवर कोपराखाली वर टोक असलेली एक फीत, तिच्यावर पानांच्या वेढ्यात 'एल' अक्षराचा पितळी बिल्ला, शेजारी एकमेकांवर फुली मारलेली दोन निशाणं. विकणारा म्हणतो 'एल' म्हणजे लुईस गन, ती जुनी हलकी मशीनगन. पटत नाही. आणि बिल्ले पॉलिश करावेत का?

तोफखाना_प्रेमी: पटू नये हेच बरं. लुईस गन ब्रिटिश फौजेत १९१५ मध्ये आली आणि तिच्या बिल्ल्यावर 'एलजी' अशी दोन अक्षरं असतात, मशीनगनवाल्यावर 'एमजी'. नुसता 'एल' म्हणजे लेयर, तोफेचा नेम धरणारा गोलंदाज. पायदळाच्या कोटावर तो शोभत नाही, म्हणून बटणं बघा. तोफगाडी कोरलेली असेल तर तोफखाना पक्का. नुसतं राजचिन्ह असेल तर काहीच ठरत नाही, ती बटणं सगळ्यांनाच मिळत. कोट हिंदी जवानाचा असेल तर एक अडचण. १८५७ नंतर हिंदी गोलंदाज बहुतेक पहाडी तोफखान्यातच राहिले, मैदानी तोफखाना त्यांच्यासाठी १९३५ मध्ये उघडला. त्यामुळे आधीचा कोट गोऱ्या शिपायाचा असण्याचीच शक्यता जास्त.

फीत हुद्द्याची नाही. हुद्द्याच्या फिती दंडावर, टोक खाली. मनगटाकडे डाव्या बाहीवर टोक वर असेल तर ती चांगल्या वर्तणुकीची.

निशाणं सिग्नलरची, म्हणजे खुणांनी संदेश पाठवणाऱ्याची. फुलीतल्या रायफली असत्या तर नेमबाज, घोड्याचा नाल असता तर नालबंद.

जुनी_वर्दी: दोन्ही बिल्ले मूळचे आहेत का, हे आधी तपासा. पितळी बिल्ल्याच्या पाठीला दोन कड्या असतात. त्या कापडातून आरपार जातात, आत पितळी पट्टी आणि तिच्यावर पिन. पिन सरळ ओढून काढा, बिल्ला फिरवू नका. कडी डाकाच्या जागी तुटते आणि कापडाला भोक मोठं पडतं. बिल्ला निघाला की खालचं कापड बघा. वर्षानुवर्षं बसलेला असेल तर त्याच्या आकाराची गडद खाकी छाप आणि भोकांभोवती हिरवट डाग दिसेल. मागाहून लावलेल्याखाली कापडाचा रंग आजूबाजूइतकाच उडालेला असतो.

बिल्ल्याची पाठही बोलते. डाय मारलेल्याची, म्हणजे पत्र्यावर ठसा दाबून केलेल्याची, पाठ पोकळ, समोरच्या नक्षीची उलटी छाप घेऊन येते. ओतीव नक्कल जड, खरखरीत, कडेला साच्याची रेघ, पाठ सपाट. मुकुट असेल तर त्याचा आकार बघा: व्हिक्टोरियाचा १९०१ पर्यंत, त्यानंतर राजाचा, आणि १९५० नंतरच्या भारतीय बिल्ल्यांवर मुकुटाऐवजी सिंह.

पॉलिश मुळीच नको. नक्षी झिजते, पांढरी भुकटी खाचांत बसते, आणि रसायन कापडात उतरलं की डाग कायमचा. मऊ कोरडा ब्रश पुरे. काढलेला बिल्ला कापडाजवळ न ठेवता वेगळा गुंडाळा. नागपुरात उन्हाळ्यात काही होत नाही, पावसाळ्यात पितळ पुन्हा हिरवं धरतं.

बर्डीकर: बटणांवर तोफगाडीच आहे. 'एल'खाली गडद छाप दिसते, पाठ पोकळ. निशाणांखाली काही नाही, आत पट्टीही नाही, कड्यांतून नुसती तार गुंडाळलीय.

जुनी_वर्दी: म्हणजे निशाणं कोणीतरी नंतर चिकटवली, भाव वाढावा म्हणून. ती वेगळ्या डबीत ठेवा आणि कोटाची किंमत 'एल'वरच धरा. तारेचा गंज कापडात उतरला असेल तर तिथे पाणीही लावू नका.