ससिहित्लुला पहिल्यांदा सर्फिंग: कुठे आणि कधी उतरायचं?

ऐरोलीकर: नोव्हेंबरात आम्ही चौघं कोकण रेल्वेने कर्नाटकात मंगळूरजवळच्या मुल्कीला जातोय, ससिहित्लु किनाऱ्यावर सर्फिंग शिकायला. पोहता येतं, पण फळीवर कुणीच उभं राहिलेलं नाही. तिथे कुठल्या भागाला काय म्हणतात? आणि आपल्या ठाण्याच्या खाडीचा भरतीचा हिशेब तिकडे चालेल का?

दिवाळे_बंदर: नाही चालणार. तिथीच्या आकड्याची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, पौर्णिमेला (पंधरावी तिथी) सव्वाअकरा, हे मुंबई-ठाण्याच्या पाण्याचं गणित. तिकडे मंगळूरचं कोष्टक बघा. आपल्याकडे उधाणाला पाणी साडेचार-पाच मीटर चढतं-उतरतं, तिथे जेमतेम दीड. म्हणून तिथे भरतीपेक्षा वाळू महत्त्वाची.

कानडीत ससि म्हणजे रोप, हित्तलु म्हणजे परस. शांभवी आणि नंदिनी या नद्या एकत्र होऊन समुद्राला मिळतात, त्या मुखाला तिकडे अळिवे म्हणतात. तोच शब्द वापरून विचारा. नद्यांनी आणलेल्या वाळूचा दांडा मुखासमोर साचतो आणि लाट त्याच्यावर फुटते. इथे मात्र पाऊणपट लागू पडते: लाटेची उंची खोलीच्या साधारण पाऊणपट झाली की ती मोडते. मीटरभर लाट छातीभर पाण्यात मोडणार. पावसाळ्यात दांडा सरकतो, म्हणून गेल्या वर्षीच्या फोटोवरून जागा ठरवू नका.

कळवा_खाडी: अळिवेच्या तोंडाशी नवख्यांनी उतरूच नये, ओहोटीला तर नाहीच. नदीचं पाणी आणि ओसरता समुद्र एकाच दिशेने ओढतात. मुखापासून लांब, सरळ पुळणीवर शिका. तिथेही दोन फुटत्या लाटांच्या मधे गडद, शांत पट्टा दिसला आणि फेस बाहेर जाताना दिसला, तर ती समुद्राकडे खेचणारी ओढ. लाट नाही म्हणून नवखा नेमका तिथेच शिरतो. सापडलात तर फळी सोडू नका, किनाऱ्याला समांतर हात मारा, ओढ सुटली की वळा.

वेळ सकाळची. पहाटेपासून मतलई वारा जमिनीकडून येतो, लाटेचा चेहरा गुळगुळीत राहतो. उन्हं चढली की खारे वारे सुरू होतात आणि पाणी विस्कटतं. साडेसहाला पाण्यात, दहाला बाहेर.

ऐरोलीकर: फळी केवढी घ्यायची?

कळवा_खाडी: मऊ पृष्ठाची, 8 ते 9 फुटी. छोटी लवकर बुडते, उभं राहायला वेळच मिळत नाही. दोरी मागच्या पायाच्या घोट्याला, लांबी फळीइतकी. पडताना आडवं पडा, डोकं खाली करून सूर मारू नका, दांड्यावर पाणी कमरेपेक्षाही कमी असू शकतं. वर येताना आधी हात डोक्यावर.