बाबा व्हेंटिलेटरवर, डॉक्टर ट्रॅकी करूया म्हणतात. हो म्हणू का?

कुळागरातली
आयसीयूच्या बाहेरच्या बाकावर बसून मोबाईलवर टाईप करतेय, चुका सांभाळून घ्या. बाबा ५८ वर्षांचे, एएमएल, म्हणजे रक्ताचा कॅन्सर. चवथीला माटोळी, म्हणजे गणपतीवरचं फळाफुलांचं छत, स्वतः बांधली होती त्यांनी, तेव्हा नुसतं दमायला होतंय म्हणायचे आणि आम्ही म्हणायचो वय झालं. मग तपासण्या, मग पहिली किमो, ती सात दिवस एक औषध आणि त्यातले तीन दिवस दुसरं अशी असते ना ती. किमोनंतर पांढऱ्या पेशी २०० वर आल्या, प्लेटलेट ९ हजार, आणि एका रात्री १०२ ताप. दोन दिवसांत न्यूमोनिया, बीपी खाली, आयसीयू, तोंडातून नळी. आज व्हेंटिलेटरचा अकरावा दिवस.

आता डॉक्टर म्हणतात ट्रॅकिओस्टॉमी (ट्रॅकी) करूया, म्हणजे गळ्याला छेद देऊन तिथून श्वासाची नळी, उद्यापर्यंत सांगा. भाऊ बोटीवर आहे, त्याचं वायफाय लागलं की मेसेज येतो "पैशांकडे बघू नका, सगळं करा". काका म्हणतात कॅन्सरच्या माणसाचा गळा कशाला कापता आता, शांतपणे जाऊ द्या. आत्या म्हणते देवाकडे प्रसाद लावल्याशिवाय, म्हणजे मूर्तीला पाकळ्या लावून कौल घेतल्याशिवाय, हो म्हणायचं नाही. आईला अजून ब्लड कॅन्सर हा शब्दसुद्धा सांगितलेला नाही, तिला "रक्तात इन्फेक्शन" एवढंच माहीत. आणि सही मी करायची आहे. कुणी यातून गेलंय का? डॉक्टर पाच मिनिटं भेटतात, त्या पाच मिनिटांत काय विचारायचं तेच कळत नाही, मी नुसती मान हलवून बाहेर येते.

नाईटड्युटी
मी आयसीयूत नर्स आहे, गोव्यातच, कुठे ते विचारू नका. पहिलं म्हणजे ट्रॅकी म्हणजे शेवट आला असं नाही हे काकांना सांग. तोंडातली नळी माणसाला सहन होत नाही म्हणून झोपेचं औषध चालू ठेवावं लागतं. गळ्यातून नळी घातली की ते औषध कमी करता येतं, तोंड नीट साफ करता येतं, कफ काढायला सोपं, आणि मशीनवरून हळूहळू उतरवायलाही बरं पडतं. बरा झाला की नळी काढतात, भोक बहुतेक वेळा आपलं आपण बुजतं. सुरुवातीला आवाज मात्र येत नाही, ओठ हलतात फक्त, त्याची तयारी ठेव.

पण ट्रॅकीने न्यूमोनिया बरा होत नाही, कॅन्सर तर नाहीच. हे पण तितकंच खरं, कुणी गोड बोललं तरी.

प्लेटलेटचं आधी विचार. एवढ्या कमी प्लेटलेटवर छेद देत नाहीत, आधी चढवून साधारण ५० हजारांच्या वर नेतात. एसडीपीचे, म्हणजे एकाच माणसाकडून मशीनवर काढलेल्या प्लेटलेटचे, डोनर आत्ताच बघून ठेव. मशीनवर तास-दीड तास लागतो, डोनरचं वजन ५० किलोच्या वर हवं, तीन दिवसांत अ‍ॅस्पिरिन घेतलेली नको. आणि जवळच्या नात्यातल्यांना, म्हणजे तू, काका, यांना द्यायला घाई करू नका. सख्ख्याचं रक्त अशा पेशंटला दिलं तर ते इरॅडिएट केलेलं, म्हणजे किरण दिलेलं लागतं, आणि पुढे बोनमॅरो बदलायचा विषय निघाला तर अडचण होऊ शकते. गावातले, ऑफिसातले बघ.

अजून एक. आत गेल्यावर हात बांधलेले दिसले तर घाबरू नको, रागावू पण नको. आयसीयूत माणसं भ्रमात जातात, नळी ओढतात. चष्मा घालत असतील तर तो पुसून आणून दे, आणि आत गेल्यावर आज वार कुठला, बाहेर पाऊस आहे की ऊन, ते सांग. रडू आलं तर बाहेर येऊन रड. झोपेच्या औषधावर असले तरी ऐकू येत असेल असं धरूनच आम्ही बोलतो.

सासष्टीकर
माझ्या थोरल्या भावाचं असंच होतं, लिम्फोमा, तोही कॅन्सरच, १९ दिवस आयसीयू. तो गेला, हे आधीच सांगतो म्हणजे तुम्ही शेवटपर्यंत वाट बघत वाचणार नाही.

आमची चूक काय झाली तर आम्ही रोज वेगवेगळे जण डॉक्टरला भेटायचो. सकाळी वहिनी, संध्याकाळी मी, मध्येच मुंबईचा कोणतरी मेव्हणा फोनवर. प्रत्येकाला वेगळं ऐकू यायचं आणि घरी येऊन भांडणं. आठवड्यानंतर एका डॉक्टरीणबाईंनी आम्हा सगळ्यांना खोलीत बसवलं आणि सांगितलं की "सगळं करा" आणि "सोडून द्या" ह्याच्या मध्ये पण एक गोष्ट असते, अमुक दिवस सगळं करायचं, आणि कशाकडे बघायचं ते आधी ठरवायचं. मग त्या दिवशी परत बसायचं. आम्हाला हे पहिल्या दिवशी कळलं असतं तर वहिनीशी आज बोलणं असतं माझं. असो.

तुमच्या केसमध्ये मला वाटतं प्रश्न हाच, की काऊंट, म्हणजे रक्तातल्या पेशी, परत कधी यायची अपेक्षा आहे? एएमएलच्या पहिल्या किमोनंतर पांढऱ्या पेशी परत यायला तीन-चार आठवडे लागतात, आणि किमो लागू पडली की नाही हे त्यानंतर बोनमॅरोची तपासणी करूनच नक्की कळतं. म्हणजे कॅन्सर हरला की जिंकला हे आज कुणालाच माहीत नाही, काकांना पण नाही. तेव्हा किमोच्या डॉक्टरला विचारा, आयसीयूवाल्याला नव्हे. दोघांना एकत्र भेटायला मिळालं तर फारच चांगलं. आयसीयूवाल्याला विचारा नॉरअ‍ॅड, म्हणजे बीपी टिकवायचं औषध, वाढतंय की उतरतंय, ऑक्सिजन किती टक्के लागतो, किडनी कशी आहे. कालच्यापेक्षा आज काय, एवढंच. वहीत लिहा. मान हलवायची नाही, पेन हातात ठेवायचं.

वकीलबाब
बाबांनी आधी कधी लिहून किंवा बोलून ठेवलं होतं का, की मला मशीनवर ठेवू नका वगैरे? सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये असं आधी लिहून ठेवणं, म्हणजे लिव्हिंग विल, मान्य केलं आणि जानेवारी २०२३ मध्ये पद्धत सोपी केली, आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. आपल्याकडे २०२४ मध्ये गोवा खंडपीठाचे न्यायमूर्ती सोनक यांनी स्वतःचं करून दाखवलं. लिहिलेलं नसेल तरी मार्ग आहे, हॉस्पिटलचे दोन मेडिकल बोर्ड बघतात आणि घरच्यांची संमती लागते. म्हणजे उद्या सही केली म्हणून कायमचे बांधले गेलात असं नाही. तसंच काका म्हणाले म्हणून कुणी मशीन बंद करू शकत नाही. आणि खाजगी हॉस्पिटल असेल तर डीडीएसएसवाय, म्हणजे गोवा सरकारच्या आरोग्य विम्याच्या, कार्डवर किती शिल्लक आहे ते काऊंटरवर विचारून घ्या, चार किंवा जास्त माणसांच्या कुटुंबाला ४ लाखांपर्यंत असतं, आयसीयूत ते कधी संपलं कळत नाही.

कुळागरातली
देव बरें करूं सगळ्यांना. वही घेतली, मेडिकलमधून, वर कार्टूनचं चित्र आहे. बाबांनी लिहिलं काहीच नव्हतं. एकदा शेजारचे भाटकार (जमीनमालक) वर्षभर अंथरुणाला होते तेव्हा म्हणाले होते की माझं असं झालं तर मला मागच्या पडवीत ठेवा, माड दिसतील. एवढंच. आईचं आणि आत्याचं काय करू ते सांगा.

माई_डिचोली
अगो, आत्याला लावू दे प्रसाद. आमच्या घरात पण लावला होता. फक्त तू आधी डॉक्टरला भेट, आणि आत्याला म्हण की वेळ सकाळची घे, दुपारनंतर ऑपरेशन आहे. उजवी पाकळी पडली तर प्रश्नच नाही, डावी पडली तर भट काहीतरी सेवा सांगेल, ती आपण बोलूया. आणि देवळातली फुलं आत नेऊ नको गं, अशा पेशंटजवळ फुलं चालत नाहीत. अबोलीचा वळेसर (गजरा) आमच्या माणसाच्या उशाशी ठेवायचा म्हणून मी नर्सशी भांडलेली, आता लाज वाटते.

आईला सांग. आजच सांग. तिला माहीत आहे, बायकोला माहीत असतं, ती तुम्हा मुलांना सांभाळून घेतेय. माझ्यापासून माझ्या मुलांनी दोन महिने लपवलं आणि मी दोन महिने मला काही कळत नाही असं नाटक केलं.

कुळागरातली
अपडेट देतेय, सहा दिवस झाले.

आईला सांगितलं. ती म्हणाली "फाईल मी वाचते, मला इंग्रजी येतं". बस.

किमोचे आणि आयसीयूचे डॉक्टर एकत्र भेटले, वीस मिनिटं. ठरलं ते असं, काऊंट येईपर्यंत सगळं करायचं, दोन आठवड्यांनी परत बसायचं, किडनी बंद पडली तर त्याआधीच बसायचं. भावाला व्हॉइस नोट पाठवली, बोट कुठल्या तरी पोर्टला लागल्यावर ऐकली त्याने, उलट फक्त "ओके बाय" आलं आणि मग रात्री दीड तास फोनवर नुसता रडला. काका अजून फुगलेत. पण प्लेटलेटला दोन डोनर त्यांनीच आणले, मार्केटातले.

ट्रॅकी झाली. नॉरअ‍ॅड कालपासून बंद आहे, ऑक्सिजन ४५ टक्के. पेशी ६००, डॉक्टर म्हणाले पेशी वाढताना छाती मध्येच बिघडल्यासारखी होऊ शकते तर लगेच खूश होऊ नका. नाही होत.

आज झोपेचं औषध कमी केलेलं. चष्मा घातला मी त्यांना. ओठ हलवत होते, पा, पा करत. मला वाटलं पाणी, म्हटलं बाबा पाणी नाही देता येत, ते चिडले, परत पा पा. सिस्टरने पाटी दिली, हात इतका थरथरत होता, पाच मिनिटं लागली. "पाडेली" लिहिलं. नारळ पाडायला पाडेली येऊन गेला का असं विचारत होते. कुणाच्या लक्षातच नाही, नारळ आपोआप गळून पडताहेत तिथे खाली. आता घरी फोन करतेय, फोंड्याच्या बाजूला कुणाला पाडेली माहीत असेल तर मेसेज करा, आमचावाला उचलत नाहीये.