भ्रंशावर छप्पर घालून तो जपावा का?

कातळ (धागाकर्ता)
१७ जानेवारी १९९५, पहाटे ५:४६. जपानमधल्या कोबे परिसरातल्या भूकंपात ६,४०० हून जास्त माणसं गेली. आवाजी बेटावर नोजिमा भ्रंश (जमिनीच्या खडकातली भेग, जिच्या दोन बाजू एकमेकींवरून सरकतात) सरकला आणि जमीन सुमारे १० किलोमीटर फाटली. त्यातला १४० मीटरचा तुकडा छप्पर घालून जसाच्या तसा ठेवलाय, १९९८ पासून तो बघायला खुला आहे. माझ्या मते हे करायलाच हवं होतं. उघड्यावर राहिला असता तर काठ ढासळले असते, नांगर फिरला असता. दोन-चार पावसाळ्यांत सगळं सपाट. आत शेताचा बांध, रस्ता, झाडांचं कुंपण एकाच रेषेवर तुटलेलं दिसतं. कुंपणाच्या या टोकाला उभं राहून पलीकडे बघितलं, की उरलेलं कुंपण उजवीकडे सरकलेलं!

पायाभरणी
असहमत. मी बांधकामातला माणूस. कोबेतले बहुतेक बळी जड कौलांची जुनी लाकडी घरं अंगावर कोसळून गेले. भेग जपून दाखवली की बघणाऱ्याला वाटतं, धोका तेवढ्या रेषेपुरताच, आपलं घर लांब आहे. तो पैसा जुनी घरं मजबूत करायला लावा.

कातळ
अहो, तुमचाच मुद्दा तिथे दाखवलाय. भ्रंशाला खेटून एक घर होतं. आवाराची भिंत तुटून सरकली, घर मात्र कोसळलं नाही. तेही जपलंय. भ्रंश उंबऱ्याशी असून घर उभं, आणि समुद्रापलीकडे शहरात वस्त्याच्या वस्त्या आडव्या. बांधकाम किती महत्त्वाचं ते याहून ठसठशीत कुठे दिसणार?

ओलीमाती
मला दोघांचंही पुरतं पटत नाही. भ्रंशालगतच्या होकुदानमध्ये ढिगाऱ्याखालच्या लोकांना शेजाऱ्यापाजाऱ्यांनी बाहेर काढलं. कोण कुठल्या खोलीत झोपतं हे अग्निशमन पथकातल्या गावकऱ्यांना ठाऊक होतं, म्हणून त्यांनी नेमकं तिथेच उपसलं. ही आठवण भेगेत कुठे दिसते? घरातलं माणूस गेलेल्यांनी ती जखम रोज उघडी का बघायची? त्रिमितीय स्कॅन करून ठेवा आणि जमीन बुजवा.

चर_खणणारा
ओलीमाती, दुःखाचा मुद्दा मान्य, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. स्कॅनचा मात्र पटत नाही. त्यात वरवरचा आकार येतो. भ्रंशाला आडवा चर खणला की तुटलेले थर दिसतात. खालचा थर तुटलेला आणि त्यावरचा अखंड असेल, तर भूकंप त्या दोन थरांच्या मधल्या काळातला. थरांतल्या कोळशाचं वय काढून तो काळ ठरवता येतो. त्यासाठी माती जागेवर लागते. १८९१ च्या जपानमधल्याच नोबी भूकंपात मिदोरी गावी जमिनीत ६ मीटरची पायरी पडली. ती बघून भूवैज्ञानिक बुंजिरो कोतो यांनी मांडलं की भ्रंश सरकणं हेच भूकंपाचं कारण. तोवर अनेक जण भेगांना भूकंपाचा परिणाम समजत. १९२७ मध्ये ती पायरी संरक्षित झाली, म्हणून भूकंपानंतर १०० वर्षांनी तिथे चर खणून आतले थर बघता आले.

पायाभरणी
कातळ, त्या घराचं मला माहीत नव्हतं. पटलं. पण मग १४० मीटरवर का थांबायचं? कॅलिफोर्नियात १९७२ पासून कायदा आहे: राहतं घर जागृत भ्रंशावर नको, साधारण १५ मीटर अंतर सोडायचं. जपानमध्ये देशभर लागू असलेला असा कायदा नाही. भ्रंश पूर्ण लांबीवर मोकळा ठेवा, मग छपराच्या खर्चाला माझी हरकत नाही.

ओलीमाती
आणि ज्यांची घरं पिढ्यान्‌पिढ्या त्याच रेषेवर आहेत, त्यांना कुठे पाठवायचं?