जुन्या एमटीबीला (माउंटन बाइकला) 27.5 इंची चाकं आणि डिस्क ब्रेक बसतील का?

घाटवळण: स्टीलची फ्रेम, 26 इंची चाकं, क्रोमच्या रिम, मागे आट्यांवर बसणारं 7 गिअरचं फ्रीव्हील (दातेरी चकत्यांचा जुडगा), कँटिलिव्हर ब्रेक (रिमवर रबर दाबणारे, जुन्या पद्धतीचे). पावसात ब्रेक असून नसल्यासारखे. फ्रेमला डिस्क ब्रेक बसवायची जागा (माउंट) नाही. काय करता येईल?

सुटाआरा: डिस्कचा नाद सोडा. माउंट वेल्ड करून देणारे भेटतात, पण डिस्कचा सगळा जोर फोर्कच्या (पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याच्या) डाव्या पायाच्या खालच्या टोकावर येतो आणि रिम ब्रेकचा फोर्क त्यासाठी बनवलेलाच नसतो. 27.5 ही नको. टायर बसतो तिथला रिमचा व्यास 26 ला 559 मिमी, 27.5 ला 584. रिम साडेबारा मिमी वर गेली की ब्रेकचे रबर तिथे पोचत नाहीत.

खरं दुखणं क्रोममध्ये आहे. ओल्या स्टीलवर रबर पकडतच नाही. 26 च्याच अ‍ॅल्युमिनियम रिम घ्या, फक्त बाजूला ब्रेकची सपाट पट्टी आहे ना ते बघा. डिस्कच्या रिमला ती नसते. आधी मागच्या ड्रॉपआउटमधलं (चाकाचा दांडा, म्हणजे अ‍ॅक्सल, बसतो त्या खाचांमधलं) अंतर मोजा. 135 मिमी असेल तर नवं चाक सरळ बसेल, प्रश्न मिटला. 130 असेल तर स्टीलची फ्रेम तेवढी फाकते, अ‍ॅल्युमिनियमची असती तर नको म्हटलं असतं.

केबलवाला: सोबत व्ही-ब्रेक (लांब हातांचे रिम ब्रेक) लावा, कँटिलिव्हरच्याच खुंट्यांवर (बॉसवर) बसतात. पण लिव्हरही बदला. कँटिलिव्हरची लिव्हर केबल कमी ओढते, त्यामुळे रबर नीट दाबले जाण्याआधीच ती हँडलला टेकते. गिअर शिफ्टर आणि लिव्हर एकाच तुकड्यात असतील तर शिफ्टरचाही खर्च धरा. इथेच बजेट कोलमडतं.

रबर रिमच्या पट्टीवरच बसायला हवा. वर गेला तर टायरची बाजू कापतो, खाली गेला तर आऱ्यांत घुसतो. बोल्ट आवळताना रबराच्या मागच्या टोकाखाली पत्त्याएवढा जाड कागद ठेवा, म्हणजे पुढचं टोक आधी टेकेल आणि ब्रेक किंचाळणार नाहीत.

घाटवळण: नव्या चाकाला कॅसेटचं हब (चाकाचा मधला भाग) आहे, म्हणजे चकत्या आट्यांवर न बसता सरकवून बसतात. माझे 7 गिअरचे शिफ्टर चालतील?

सुटाआरा: चालतील. 7 ची कॅसेट घ्या आणि 8/9/10 गिअरच्या हबवर तिच्या मागे साडेचार मिमीचा स्पेसर (जागा भरणारं कडं) टाका. तो विसरलात तर लॉकरिंग (कॅसेट धरून ठेवणारी रिंग) आवळूनही कॅसेट खुळखुळेल. शिवाय या हबमध्ये उजवीकडचं बेअरिंग टोकाजवळ असतं, त्यामुळे फ्रीव्हीलच्या हबसारखा अ‍ॅक्सल वाकत नाही. चेन जुनी असेल तर तीही आत्ताच बदला, नाहीतर नव्या दातांवरून उडेल.