शनिवारी पार्किंगमध्ये कोणता सिनेमा लावायचा?

ए-१०२ सेक्रेटरी:
नमस्कार मंडळी. गणपतीतला दुसरा सिनेमा येत्या शनिवारी रात्री साडेआठला पार्किंगमध्ये. प्रोजेक्टर आणि स्पीकर परत मिळतोय. मागच्या शनिवारचा ऐतिहासिक कसा वाटला आणि आता कोणता लावायचा ते आज रात्रीपर्यंत कळवा. गाड्या मागच्या बाजूला लावायच्या आहेत, तेही लक्षात असू दे.

बी-१०४ वहिनी:
मागचा मस्तच होता. तसलाच अजून एक लावा, पोरं खूश होतात.

ए-४०४ दादा:
वहिनी, पोरं कुठली खूश? अर्ध्या तासात निम्मी सायकली काढून गेटबाहेर होती. आवाज तेवढा मोठा होता.

सी-२०३ काकू:
मला ह्यावर बोलायचंय. लांब होईल, पण वाचा सगळ्यांनी.

मी शेवटपर्यंत बसलो होतो. महाराजांचा सिनेमा म्हणून मुद्दाम शाल घेऊन पुढच्या खुर्चीत बसलो. आणि जीव तुटला बघताना. पन्हाळा आपल्या कोल्हापुरापासून वीस किलोमीटरवर आहे. आमचे हे होते तेव्हा एका जुलैत आम्ही दोघं ग्रुपबरोबर पन्हाळ्यावरून पावनखिंडीपर्यंत चालत गेलो होतो. मसाई पठारावर धुकं असं की पुढच्या माणसाची पाठ दिसत नव्हती. चिखलात पाय घोट्यापर्यंत जायचा आणि वर काढला की बूट आतच राहायचा. दोनदा मी बूट हातानं उपसून काढला. आम्ही दिवसाउजेडी, पोटभर खाऊन, दोन दिवसात गेलो. १६६० साली ती माणसं भर पावसात, रात्री, खांद्यावर पालखी घेऊन धावत गेली. हे पायाला कळलं तेव्हा मी पठारावरच रडलो होतो.

आता परवाच्या सिनेमात बघा. पाऊस आहे, पण एकाचाही पाय घसरत नाही. अंगरखे कडक इस्त्रीचे. गडाच्या पायऱ्या नव्या फरशीसारख्या गुळगुळीत. नायक एका बुरुजावरून दुसऱ्यावर उडी मारतो आणि तीच उडी तीन वेळा हळू करून दाखवतात. ज्याला उडता येतं त्याची मला काळजीच वाटली नाही. मावळा दमतो, त्याला तहान लागते, त्याचं पोर घरी असतं, ह्यातलं काही म्हणजे काही दाखवलं नाही. एवढ्या मोठ्या माणसांवर सिनेमा काढायचा आणि त्यांच्या कष्टाकडं बघायचंच नाही, हे मला सहन होत नाही.

ए-१०२ सेक्रेटरी:
काकू, मराठी सिनेमाला पैसा कमी मिळतो ओ. हिंदीवाल्यांसारखं कुठनं जमणार?

बी-३०१ सर:
पैशाचं कारण मला पटत नाही. ह्याच गावात बाबूराव पेंटरांनी कॅमेरा स्वतःच्या हातानं तयार केला आणि त्यावर १९२० साली ‘सैरंध्री’ काढला. १९२५ च्या ‘सावकारी पाश’मध्ये सावकारानं जमीन गिळलेला शेतकरी दाखवला, ते काम तरुण व्ही. शांतारामांनी केलं. मूकपट होता, पैसा बेताचाच. पण शेतकऱ्याचं घर शेतकऱ्याचं वाटावं ह्यासाठी त्यांनी जीव टाकला. आपल्या गावात सिनेमाची सुरुवातच अशी झाली आहे.

सी-२०३ काकू:
बरोबर सर. पैशापेक्षा बघण्याचा प्रश्न आहे. मालिकांचं तर विचारू नका.

बी-१०४ वहिनी:
काकू, मालिकेला नका बोलू. मी रोज बघते.

सी-२०३ काकू:
बघ की. मी पण बघतो, म्हणून तर सांगतो. मागच्या आठवड्यात रात्रीच्या त्या मालिकेत गुऱ्हाळ दाखवलं. आपल्या भागातलं गुऱ्हाळ म्हणून मी भाजी चिरायची थांबवून बसलो. माझे वडील गुळव्या होते, म्हणजे गूळ शिजवणारे, कागल तालुक्यात. दिवाळी झाली की चार महिने गुऱ्हाळावरच. मी लहानपणी रोज भाकरी घेऊन जायचो.

खरं गुऱ्हाळ कसं असतं ते सांगतो. चरकातनं रस काहिलीत, म्हणजे मोठ्या कढईत येतो. खाली चुलवाणात चिपाडं सारणारा माणूस वेगळा, त्याचं तोंड कायम लाल झालेलं. रस तापला की भेंडीचं पाणी घालायचं, मग मळी वर येते, ती काढत राहायची. नंतर रस असा उसळतो की आता बाहेर येतोय असं वाटतं. शेवटी शेवटी वडील कुणाशी बोलायचे नाहीत. पाकाचा थेंब पाण्यात टाकायचे आणि दोन बोटांत त्याची गोळी करून बघायचे. परत थेंब, परत गोळी. गोळी मनासारखी जमली की एकच हाळी द्यायचे. चार-पाच गडी धावत येऊन काहील उतरवायचे, पाक वाफ्यात ओतायचे. उशीर झाला तर गूळ करपतो, घाई केली तर बांधत नाही, चिकट राहतो. शेतकऱ्याचं वर्षभराचं सगळं त्या एका हाळीवर. वडिलांच्या त्या दोन बोटांची टोकं गुळगुळीत झालेली, वरची कातडी जाड. म्हातारपणी चहाचा कप गरम आहे का गार ते त्यांना त्या बोटांनी कळायचं नाही.

आणि मालिकेत काय? सून भरजरी साडी, नथ, अंबाड्यावर गजरा घालून काहिलीपाशी उभी. काहिलीतनं वाफ नाही. ती घरातल्या पळीनं ढवळते. सासू मागनं येऊन पुडीतलं काहीतरी टाकते. सगळ्यांची तोंडं एकेक करून तीन तीन वेळा दाखवली. आणि जाहिरात संपली की ताटात गुळाचा तयार रवा, अख्खी ढेप. गुळव्या नाहीच. माझे वडील त्या गुऱ्हाळात कुठंच नव्हते. मी टीव्ही बंद केला.

बी-३०१ सर:
काकू, हे तुम्ही कधी बोलला नव्हता.

सी-२०३ काकू:
कुणी विचारलं नव्हतं सर.

अजून एक. भाषा. दर दोन वाक्यांनी ‘नाद खुळा’ आणि ‘लई भारी’ घातलं की झाली कोल्हापुरी, असं ह्यांना वाटतं. आपल्याकडं बायका ‘मी जातो, मी येतो’ म्हणतात. माझी आजी म्हणायची, आई म्हणायची, मी म्हणतो. ‘काय करालाईस?’, ‘जेवालोय’. हे ऐकायला दोन दिवस भाजी मंडईत उभं राहिलं तरी पुरे. मालिकेतली पाटलाची सून मात्र ‘मी येते हं’ म्हणते आणि मधूनच कुणावर तरी ‘नाद करायचा न्हाय’ ओरडते. वहिनी, तूसुद्धा दारात ‘येतो काकू’ म्हणतीस आणि इथं ‘बघते’ लिहितीस. पडद्यावरचं ऐकून ऐकून आपली भाषा आपल्यालाच लिहायची लाज वाटाय लागली की काय?

बी-१०४ वहिनी:
काकू, भाषेचं खरं आहे. शाळेत तसं लिहिलं की बाई खोडायच्या, ती सवय.

पण मालिकेचं सांगते. आमच्या सासूबाई दीड वर्ष अंथरुणाला आहेत. मी दुकानातून यायला आठ वाजतात. सात ते आठ त्यांच्यासोबत घरात दुसरं कोण नसतं, तीच माणसं असतात टीव्हीतली. सून रडली की त्या मला विचारतात, जेवली का गं ती? मला माहितीय की खोटं आहे. पण त्यांना रोज कुणीतरी येऊन भेटल्यासारखं वाटतं. सिनेमा कितीही चांगला असला तरी दोन तासांनी संपतो.

सी-२०३ काकू:
हे तू बोललीस ते मला मान्य. मी तुझ्या सासूबाईंना बोलणार नाही. पण रोज घरात येणाऱ्या माणसानं नीट यावं की नको? अंथरुणाला खिळलेल्या बाईपुढं रोज पुड्या टाकणारी सासू आणि रडणारी सून का? त्यांनी आयुष्यात केलेलं एकतरी काम, शेणी थापणं, पापड लाटणं, धार काढणं, कुणी नीट का दाखवू नये? त्यांनी ते ओळखलं असतं. ‘असं नव्हं, असं’ म्हणून तुला शिकवलं असतं.

सी-४०१ दादा:
काकू, मी मालिकांच्या सेटवर लाइटला आहे, मोरेवाडीला चित्रनगरीत. कुठल्या मालिकेचं ते सांगत नाही, पण हे असं का होतं ते सांगतो. रोज एक भाग गेलाच पाहिजे. जाहिराती सोडून वीस-बावीस मिनिटं. पुष्कळदा सीन सकाळी कागदावर येतो आणि कलाकार मेकअप करता करता पाठ करतात. काहील खरी पेटवायची म्हणजे धूर, आग, गडी माणसं, अख्खा दिवस जाणार. दिवसभरात सात-आठ सीन उरकायचे असतात. मग पाण्यात रंग घालतात. तीन वेळा तोंडं दाखवली की मिनिट भरून निघतं. दर आठवड्याला टीआरपीचा आकडा आला की सेटवर सगळे गप्प. सासूनं पुडी टाकली की आकडा वर जातो, असंच वरची माणसं धरून चालतात. आमच्यातली निम्मी पोरं गुऱ्हाळाच्या गावातली आहेत. लाज वाटते, पण बोलता येत नाही.

सी-२०३ काकू:
दादा, तुझ्यावर राग नाही. तू लिहिलंस ते बरं केलंस.

ए-४०४ दादा:
मला विचाराल तर चांगलं बघायचं तर वेब सिरीज बघा. गेल्या वर्षी, २०२५ ला आलेली ब्रिटिश ‘अ‍ॅडोलेसन्स’ बघितली का कुणी? चारच भाग, आणि प्रत्येक भाग एकाच सलग शॉटमध्ये, कुठंही कट नाही. तेरा वर्षांच्या पोराला पोलीस पहाटे घरातनं उचलतात, वर्गातल्या मुलीच्या खुनासाठी. पण तपासापेक्षा घरच्यांवर जास्त आहे. शेवटी बाप पोराच्या रिकाम्या खोलीत जातो, त्याच्या टेडी बेअरला पांघरूण घालतो आणि माफी मागतो. मी रात्री बघितली आणि दुसऱ्या दिवशी पप्पांबरोबर परत बघितली. पप्पा काही बोलले नाहीत. पण त्या रात्रीपासून जेवताना फोन बाजूला ठेवतात आणि मला दिवसभराचं विचारतात.

बी-१०४ वहिनी:
पोरांसमोर कसं लावणार असलं?

ए-४०४ दादा:
पार्किंगमध्ये नको. मोठ्यांनी घरी बघा. मराठीत असं नाहीच असं मला वाटायचं, पण सरांनी सांगितलं म्हणून ‘कोर्ट’ बघितला. चैतन्य ताम्हाणेंचा. त्यात सरकारी वकील बाई दिवसभर एका म्हाताऱ्या शाहिराला तुरुंगात ठेवायला भांडते, आणि संध्याकाळी पोराला घेऊन घरी येऊन स्वयंपाक करते. कॅमेरा लांब उभा, हलत नाही. पहिली वीस मिनिटं मला वाटलं काहीच होत नाहीये. मग कळलं की ही बाई वाईट नाही, म्हणून जास्त भीती वाटतेय.

बी-३०१ सर:
छान लिहिलंस.

मुलांसाठी म्हणत असाल तर ‘किल्ला’. अविनाश अरुण ह्यांचा. वडील गेलेला मुलगा, आईची बदली कोकणात, नवी शाळा, नवे मित्र. बर्लिनच्या महोत्सवात २०१४ साली मुलांच्या परीक्षक मंडळानंच त्याला क्रिस्टल बेअर हे बक्षीस दिलं. पाऊस कसा दाखवायचा ते त्यात बघा. काकूंना आवडेल.

ए-१०२ सेक्रेटरी:
मग ‘किल्ला’ फिक्स करू का?

सी-२०३ काकू:
‘किल्ला’ चांगलाच आहे, मी बघितलाय. पण सेक्रेटरी, माझी एक विनंती. शनिवारी ‘संत तुकाराम’ लावा. दामले-फत्तेलालांचा, १९३६ चा. काळा-पांढरा आहे म्हणून कुणी नाक मुरडू नका.

मी तो पहिल्यांदा वडिलांबरोबर बघितला, गावच्या जत्रेत, कापडी पडद्यावर. वडील सिनेमाला कधी जायचे नाहीत. त्यात तुकोबा आहेतच, विष्णुपंत पागनीस, त्यांच्या गळ्यातला अभंग ऐकला की बाकीचे आवाज बंद होतात. पण माझे डोळे त्यांच्या बायकोवर, जिजाईवर. गौरी नावाच्या बाईंनी केलीय. कमरेला पदर खोचलेला, तोंड चालू, हात चालू. पोरगं आजारी पडतं, घरात दमडी नाही, तेव्हा ती पोराला घेऊन चप्पल हातात धरून थेट देवळात जाते, पांडुरंगाला मारायला. जत्रेतली सगळी माणसं देवाला मानणारी, पण एकानं ‘छे छे’ म्हटलं नाही. माझी आई हुंदका देऊन रडली. वडील म्हणाले, ‘ही खरी बाई आणलीय.’ त्यांनी सिनेमाबद्दल एवढंच बोललेलं मी आयुष्यात ऐकलं.

त्यात चमत्कारही आहेत, विमान येतं, सगळं आहे. तरी ते मला खोटं वाटत नाही, कारण त्याच्या आधी जिजाईची चूल, म्हैस आणि पोरं इतकी खरी दाखवलीत. परवाच्या सिनेमात जमीनच नव्हती.

बी-३०१ सर:
माझा पाठिंबा. हा सिनेमा काढणाऱ्या प्रभात फिल्म कंपनीची मंडळी १९३३ ला पुण्याला गेली, पण दामले, फत्तेलाल आणि शांतारामबापू घडले ते बाबूराव पेंटरांच्या हाताखाली, इथंच. व्हेनिसच्या महोत्सवात १९३७ साली ‘संत तुकाराम’चा गौरव झाला. आपल्या पार्किंगमध्ये तो लागणं हे मला फार योग्य वाटतं. सुरुवातीला पाच मिनिटं मी मुलांना बाबूराव पेंटरांच्या कॅमेऱ्याची गोष्ट सांगेन.

सी-४०१ दादा:
जुना प्रिंट आहे, आपल्या स्पीकरवर आवाज फाटेल. बास कमी करून मी लावून देतो. त्या दिवशी शूटिंग लवकर संपतंय. आणि रस्त्याकडचा दिवा पडद्यावर येतो, त्याला पुठ्ठा लावूया.

ए-४०४ दादा:
‘किल्ला’ मग पुढच्या रविवारी, पोरांसाठी सकाळी. आमच्या हॉलमध्ये पडदे लावून चालेल, आईला विचारलंय.

ए-१०२ सेक्रेटरी:
ठरलं. शनिवारी साडेआठ, ‘संत तुकाराम’. आरती आठला उरकूया. पुढची रांग ज्येष्ठांसाठी.

बी-१०४ वहिनी:
आत्ता सासूबाईंना विचारलं. तुकाराम म्हटल्यावर डोळे उघडले. म्हणाल्या, माहेरी असताना बघितलाय, त्यात बाई चप्पल घेऊन देवळात जाते तोच ना? सेक्रेटरी, शनिवारी लिफ्ट बंद पडू देऊ नका, आणि पुढच्या रांगेत काकूंच्या शेजारी एका चाकाच्या खुर्चीला जागा ठेवा. मी दुकान लवकर बंद करून त्यांना घेऊन येतो.

सी-२०३ काकू:
ये. शाल मी आणतो.