नागपुरात किती धंद्यांचं दिवाळं निघालं, हा आकडा कुठून घ्यायचा?

धरमपेठकर : बुटीबोरी आणि हिंगणा एमआयडीसीवर टिपण लिहितोय. कंपनी रजिस्ट्रारची नाव खोडलेल्या कंपन्यांची यादी, आयबीबीआयचे (दिवाळखोरी मंडळाचे) आकडे आणि रद्द झालेले जीएसटी नंबर, तिघांचा एकमेकांशी मेळ बसत नाही. ‘दिवाळखोर’ म्हणून कोणता धरू?

आकडेमोड : पहिली आणि तिसरी यादी आधी बाजूला ठेवा. कंपनी कायद्याच्या कलम २४८ खाली नाव खोडलं जातं ते बहुधा दोन वर्षं व्यवहार नाही म्हणून. कंपनीने स्वतः एसटीके-२ (नाव खोडण्याचा अर्ज) भरला असेल तर देणी आधी फेडावी लागतात, म्हणजे दिवाळ्याच्या अगदी उलट! २०१७ मध्ये दोन लाखांवर कंपन्यांची नावं एका झटक्यात खोडली गेली, ती सफाई मोहीम होती. आलेखात ते वर्ष घातलंत तर नसलेली मंदी दिसेल. जीएसटीचंही तसंच. मालकीच्या दुकानाची प्रायव्हेट लिमिटेड झाली की पॅन बदलतो, जुना नंबर रद्द होतो आणि धंदा मात्र जोरात चालू असतो.

खामला_सीए : आयबीबीआय मोजते ती एनसीएलटीने (कंपनी न्यायाधिकरणाने) दाखल करून घेतलेली प्रकरणं. नुसता अर्ज केला तर तो या आकड्यात येत नाही. अर्ज दिवाळखोरी संहितेच्या कलम ७ (बँका वगैरे), ९ (माल पुरवठादार) किंवा १० (कंपनी स्वतः) खाली होतो. २४ मार्च २०२० ला थकबाकीची किमान मर्यादा १ लाखावरून १ कोटीवर नेली, आणि कलम १०अ मुळे २५ मार्च २०२० पासून वर्षभरातल्या थकबाकीवर अर्जच करता येत नाही. त्या काळात आकडा घसरला तो कायद्याने, उद्योगांची तब्येत सुधारली म्हणून नव्हे.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो भागाकारात. या तिमाहीतले अवसायनाचे (कंपनी गुंडाळून मालमत्ता विकण्याचे) आदेश भागिले याच तिमाहीत दाखल प्रकरणं, असं करू नका. आजचा आदेश दोन-तीन वर्षांपूर्वीच्या प्रकरणाचा असू शकतो. दाखल वर्षानुसार गट पाडा आणि त्या गटाचं पुढे काय झालं ते पाहा : तडजोड, १२अ खाली अर्ज मागे, कंपनी वाचवण्याची योजना मंजूर, की कलम ३३ चा अवसायन आदेश. आदेश झाला म्हणून कंपनी संपली असंही नाही, विसर्जन कलम ५४ खाली नंतर होतं. कलम ५९ चं स्वेच्छा अवसायन वेगळ्या रकान्यात ठेवा, तिथे कंपनी देणी फेडू शकते. आणि अवसायनात गेलेल्यांत मोठा हिस्सा बीआयएफआरमधल्या (आजारी उद्योगांच्या जुन्या मंडळाकडे असलेल्या) किंवा आधीच टाळं लागलेल्या कंपन्यांचा आहे.

इतवारी_चौक : नागपूर वेगळं काढायचं तर खंडपीठाचा आकडा कामाचा नाही, इथली प्रकरणं एनसीएलटीच्या मुंबई खंडपीठापुढे जातात. आयबीबीआयच्या संकेतस्थळावरच्या ‘फॉर्म ए’ जाहीर सूचना (प्रकरण दाखल झाल्यावर निघतात त्या) घ्या, नोंदणीकृत पत्त्याच्या पिनने चाळा. ४४० शहराचा. ४४१ मध्ये भंडारा-गोंदियाही येतात, ते हाताने काढा. कारखाना बुटीबोरीत आणि नोंदणीकृत कार्यालय मुंबईत, अशी कंपनी या चाळणीतून निसटते.

इतवारीतला भागीदारीतला ठोक व्यापारी यात कुठेच नाही. त्याच्यासाठी अजून १९२० चा प्रांतिक नादारी (दिवाळखोरी) कायदा आणि जिल्हा न्यायालय. पतसंस्था, सूतगिरण्याही नाहीत. त्यांचं अवसायन सहकार कायद्याच्या कलम १०२ खाली होतं.

धरमपेठकर : एकच कंपनी दोनदा दिसली तर?

खामला_सीए : माघारीनंतर नवा अर्ज होऊ शकतो. प्रकरणं मोजत असाल तर दोन, कंपन्या मोजत असाल तर एक. नावावर जाऊ नका, सीआयएन (कंपनीचा ओळख क्रमांक) जुळवा. पब्लिकची प्रायव्हेट झाली की तोही बदलतो, पण शेवटचे सहा अंक तेच राहतात, म्हणून ते वेगळे ताडून बघा.