शिरवळला कंपनीत इंटरव्ह्यू, प्लांट व्हिजिटही आहे. पावसात काय घालून जावं?

कोरेगावकर
डिप्लोमा मेकॅनिकल. पुढच्या गुरुवारी साडेनऊला शिरवळच्या एका कंपनीत क्वालिटीच्या जागेसाठी बोलावलंय, आणि मेलमध्ये 'प्लांट व्हिजिट' असंही लिहिलंय. हातात आठ दिवस, खिशात अडीच हजार. घरी काळी पॅन्ट आहे, पण कमरेत सैल आणि मांडीवर चकाकते. बूट नाहीत. रेडिमेड घेऊ की शिवू? टाय लागतो का? साताऱ्याहून एसटीनं जाणार, म्हणजे भिजणं आलंच. बहिणीचाही त्याच आठवड्यात सांगलीत पतसंस्थेत इंटरव्ह्यू आहे. तिनं साडी नेसावी की ड्रेस घालावा?

कात्री-टेप
आषाढात लग्नं नाहीत, शाळेचे गणवेशही उरकलेत. शिंपी सध्या मोकळे असतात, तेव्हा पॅन्ट शिवा आणि शर्ट रेडिमेड घ्या. शर्ट एखादा सेंटिमीटर इकडंतिकडं झाला तर कुणाला कळत नाही. पॅन्टीचं आसन चुकलं तर मात्र खुर्चीत बसल्या बसल्या कळतं.

कापड ५८ इंची पन्ह्याचं, १.२० मीटर पुरतं. उंची सहा फुटांच्या आसपास असेल तर १.३० घ्या. पॉलिस्टर-व्हिस्कोस मागा, चुरगळत कमी आणि वाळतं लवकर. निव्वळ कॉटन या हवेत दिवसभर दमट राहतं आणि गुडघ्याला फुगे येतात. रंग गडद राखाडी. काळ्यावर वाळलेल्या चिखलाचे शिंतोडे लांबून मोजता येतात.

माप द्यायला जाताना इंटरव्ह्यूचेच बूट पायात हवेत, म्हणून बूट आधी घ्या. मागची कड बुटाच्या टाचेच्या वरच्या काठाला टेकावी, पुढं बुटावर एकच हलकी मोड पडावी. खाली दोन इंच आणि कमरेला मागं दीड इंच माया, म्हणजे आत दुमडलेलं जास्तीचं कापड, ठेवायला सांगा. ट्रायलला नुसतं आरशासमोर उभं राहू नका, उकिडवं बसून बघा. उभं असताना बाजूच्या खिशांची तोंडं उघडत असतील तर पॅन्ट कुल्ल्यावर आवळलीय, कंबर सैल करून ते जात नाही.

शर्टाचं सोपं आहे. खांद्याची शिवण हाडाच्या टोकावर, कॉलरचं बटण लावून आत दोन बोटं, आणि बसल्यावर छातीवरची पट्टी फाकता कामा नये.

जुनी पॅन्ट इस्त्रीनं चकाकलीय. कडक इस्त्री थेट गडद कापडावर फिरवली की धागे चेपतात आणि तुळतुळीत होतात, ते पुरतं सुधारत नाही. नव्या पॅन्टीला तरी वर ओलसर सुती फडकं टाकून इस्त्री करा.

क्यूसीवाला
प्लांट व्हिजिट आहे म्हणजे टाय नकोच. फिरत्या मशीनपाशी लोंबणारं काही चालत नाही. अंगठी, कडं, चेन घरी ठेवा. फुल बाहीची बटणं लावलेली असू द्या आणि वरच्या खिशात पेन ठेवून मशीनवर वाकू नका.

बूट काळे, पुढून बंद, लेदरचे, सोल खाचा असलेला रबराचा. कूलंट, म्हणजे मशीन थंड ठेवणारं द्रव, सांडलेल्या फरशीवर गुळगुळीत सोल सरळ घसरतो. संध्याकाळी घ्या, दिवसभरात पाय थोडे सुजलेले असतात. नेहमीचे मोजे घालूनच घालून बघा. मग रोज अर्धा तास घरात वापरा, नाहीतर गुरुवारी टाच सोलून निघेल आणि सगळं लक्ष तिथंच राहील.

एसटीत चप्पल आणि रेनकोटची पॅन्ट. शर्ट, बूट, मोज्यांचे दोन जोड दुहेरी प्लास्टिकच्या पिशवीत. शर्टाच्या घडीत वर्तमानपत्र घालू नका, दमट हवेत शाई उतरते. जुन्या कॅलेंडरचं पान घाला, कोरी बाजू कापडाकडं. कॉलरला स्टार्च नको, ओल लागली की लिबलिबीत होते. अर्धा तास आधी पोचलात तर कपडे बदलायला वेळ मिळतो.

कोरेगावकर
शर्ट पांढराच घेऊ ना?

क्यूसीवाला
फिकट निळा घ्या. पांढरा भिजला की आतलं बनियन दिसतं, आणि प्लांटमधनं एक काळं बोट लागलं की संपलं.

मिरजेची
बहिणीसाठी. पतसंस्थेत दोन्ही चालतं, पण साडीची सवय नसेल तर त्या दिवशी शिकायला जाऊ नये. ड्रेस घालायचा तर गुडघ्याखालचा सरळ कुर्ता, पाऊण बाही, लेगिंग्जऐवजी सरळ पॅन्ट. ओढणी दोन्ही खांद्यांना पिनेनं टाचायची. वाजणारे पैंजण आणि बांगड्यांचा चुडा नको. फॉर्मवर सही करताना टेबलावर खणखण होते.

साडी नेसायचीच तर नवी कोरी कांजीची कॉटन नको, निऱ्या फुगतात. क्रेप किंवा जॉर्जेट बरी. ज्या चपला घालणार त्या पायात घालूनच नेसायची, मग कड जमिनीपासून बोटभर वर राहते. एक पिन निऱ्यांना आतून, एक पदराच्या घडीला खांद्यावर, एक कमरेशी, आणि दोन जास्तीच्या पर्समध्ये.

सांगलीत पाऊस साताऱ्याइतका नसतो, पण चिखल काळ्या मातीचा. कडेला उडाला तर ओला असताना चोळायचा नाही, तो आत शिरतो. वाळू द्यायचा आणि कोरड्या ब्रशनं झाडायचा. तेवढा वेळ नसेल तर ओल्या रुमालानं नुसतं टिपून घ्यायचं.

कात्री-टेप
तेच बुटांचंही. भिजले तर शेगडीजवळ ठेवू नका, कातडं कडक होऊन तडकतं. आत कागदाचे बोळे कोंबून पंख्याखाली ठेवा, दोन-तीन तासांनी बोळे बदला. वाळल्यावरच पॉलिश.